तलावात उतरण्यापूर्वी



पोहणे हा उत्तम व्यायाम आहे. हात, पाय, पाठ आणि फुप्फुसे एकाच वेळी काम करतात, तरी सांध्यांवर भार पडत नाही. उन्हाळ्यात मुले सातनाला धरणाच्या पाण्याकडे आणि पावसाळ्यात सहलीची मंडळी कुंटाला व पोचेरा धबधब्यांकडे ओढली जातात, यात नवल नाही. पण डोंगरातल्या या पाण्याचा स्वभाव ओळखीच्या विहिरीसारखा नसतो.

धरणाचा तळ सपाट नसतो. पाण्याखाली जुने नाले, खड्डे व झाडांची खोडे असतात. कंबरभर पाण्यातून दोन पावले पुढे टाकली की एकदम दोन पुरुष खोली लागते. गाळात पाय रुततो. वरचे पाणी कोमट, तर खालचे थंडगार असते. त्या गारव्याने दम कोंडतो. कुंटाला येथे कडेम नदी सुमारे 45 मीटर उंचीवरून कोसळते. खाली खोल डोह, शेवाळलेले खडक आणि कपारी आहेत. वर डोंगरात पाऊस झाला की येथे ऊन असतानाही लोंढा येतो. अनेक तरुणांनी तेथे प्राण गमावले आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2021 साली जगात सुमारे 3 लाख माणसे बुडून मेली. त्यांत जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील मुलांचा होता. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, कारण त्याला श्वासच घेता येत नाही. म्हणून पोरांवर सतत नजर हवी.

पुढील नियम पाळावेत :

1. मुलांना जाणत्या माणसाने पोहायला शिकवावे. पाठीला वाळका भोपळा किंवा रिकामा डबा बांधण्याची जुनी रीत चांगली आहे, पण शिकवणारा हाताच्या अंतरावर असावा.

2. अनोळखी पाण्यात सूर मारू नये. डोके खडकावर आदळून मान मोडते.

3. दारू पिऊन, एकट्याने किंवा धरणाच्या दरवाजांजवळ पोहू नये.

4. नावेत बसताना प्रत्येकाने तरंगजाकीट घालावे. 18 जानेवारी 2024 रोजी वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची नाव उलटून 12 विद्यार्थी व 2 शिक्षिका दगावल्या. अनेकांच्या अंगावर जाकीट नव्हते.

कोणी बुडत असेल तर लगेच उडी घेऊ नका. घाबरलेला माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो आणि दोघेही जातात. काठावरून बांबू पुढे करा. दोर, लुगडे, हवा भरलेली ट्यूब किंवा झाकण लावलेला रिकामा कॅन फेका.

बाहेर काढल्यावर उलटे टांगू नका, पोट दाबू नका. त्यात मोलाचा वेळ जातो. श्वास चालू असेल तर कुशीवर निजवा. श्वास नसेल तर नाक दाबून तोंडाने पाच वेळा श्वास द्या. मग छातीच्या मध्यभागी 30 वेळा जोराने व भरभर दाबा, पुन्हा दोन श्वास द्या. 108 ची गाडी येईपर्यंत हे थांबवू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच. फुप्फुसातील पाण्याचा त्रास काही तासांनीही होतो.

पोळ्याला बैल धुण्यासाठी गावातले सारे पाण्यावर जमतात. त्याआधी गावाच्या घाटावर एक लांब दोर आणि ट्रॅक्टरची जुनी ट्यूब कायमची टांगून ठेवा. खर्च थोडा आहे. पण वेळेला घरातला कर्ता मुलगा त्यानेच वाचेल.