फेस बसला म्हणजे झालं का?

सुरतेत राहून बिअरवर लेख? आधीच सांगून टाकते, आमच्या घरात बिअर बनत नाही. 1960 साली गुजरात वेगळं झालं तेव्हा 1949चा मुंबई दारूबंदी कायदा इथे तसाच चालू राहिला. 2011 मध्ये त्याचं नाव गुजरात दारूबंदी कायदा झालं. ही बिअर टोरोंटोतली, माझ्या आतेभावाची. तिथे स्वतःपुरती घरी बनवलेली चालते. पण त्याचा प्रश्न व्हिडिओ कॉलवरून आला तो आमच्या सुरतेच्या स्वयंपाकघरात, आजीकडे.

झालं असं. गेल्या डिसेंबरात दादाने पहिल्यांदा बिअर लावली. सत्तू भिजवावा तसा माल्टचा गोड काढा, त्यात यीस्ट, आणि वर घट्ट झाकण. झाकणात एक नळी असते, तिच्यातल्या पाण्यातून आतला वायू बुडबुडत बाहेर पडतो. पाचव्या दिवशी बुडबुडे थांबले. दादाला वाटलं, झालं. त्याने बाटल्या भरल्या, बुचं ठोकली आणि नाताळच्या आधी तळघरातून वर स्वयंपाकघरात आणून ठेवल्या. तिसऱ्या रात्री त्या एकामागून एक फुटल्या. काचा पडद्यात रुतल्या होत्या. त्याचा चार वर्षांचा मुलगा सकाळी त्याच कोपऱ्यात बसून दूध पितो. नशीब, रात्र होती.

चूक कुठे झाली? यीस्ट हा जिवंत जीव आहे. तो साखर खातो, तिचं मद्य करतो आणि वायू सोडतो. पाश्चरने 1876 साली बिअरवर आख्खं पुस्तक लिहिलं ते याच जीवांबद्दल. साखर संपली की बुडबुडे थांबतात हे खरं. पण बुडबुडे थांबले म्हणजे साखर संपली, हे खरं नाही. झाकण सैल असेल तर वायू भलतीकडून जातो आणि नळी गप्प राहते. उलट, सगळं संपल्यावरही गरमीने आत विरघळलेला वायू सुटतो आणि नळी उगाच बुडबुडते.

आणि थंडी पडली तर यीस्ट चक्क झोपतं. आजीने कॉलवर पहिला प्रश्न हाच विचारला, "अरे बाळा, ठेवलं होतंस कुठे?" तळघरात 12 अंश होते! वसईत असताना आजी ताडी घालून सांदणाचं पीठ फुगवायची. गारठ्यात पीठ बसून राहिलं तर ते झालं असं ती कधीच समजायची नाही, चुलीजवळ सरकवायची. आपल्या सुरतेतही हे सगळ्यांना ठाऊक आहे. थंडीत पहाटेची नीरा गोड लागते, ऊन चढलं की तीच आंबायला लागते. दादाच्या बाटल्या उबेत आल्या, यीस्ट जागं झालं, उरलेली साखर खाऊ लागलं, आणि वायूला आता वाट नव्हती.

मग कळायचं कसं? मोजून. दूधवाल्याचा लॅक्टोमीटर पाहिलाय ना? त्याचाच भाऊ हायड्रोमीटर. पाण्यात तो 1.000 दाखवतो. साखरेने द्रव जड होतो, म्हणून दादाच्या काढ्यात सुरुवातीला 1.050 होतं. साखर संपत जाते तसा आकडा उतरतो. पण 1.000 पर्यंत येण्याची वाट बघायची नाही, कारण माल्टमधल्या काही शर्करा यीस्टला खाताच येत नाहीत. अशी बिअर साधारण 1.010 ते 1.014 च्या आसपास थांबते.

नियम दोन. आकडा अपेक्षेच्या जवळ हवा, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुन्हा मोजला तर तोच हवा. नुसता स्थिर असून भागत नाही, झोपलेल्या यीस्टचाही आकडा स्थिरच असतो. आकडा वरच अडकला तर भांडं 18-20 अंशांत आणायचं, हलकेच हलवायचं आणि थांबायचं. बाटलीत फेसासाठी मुद्दाम लिटरमागे सहाएक ग्रॅम साखर घालतात. आकडा दहा अंकांनी वर असताना बाटली भरली, तर वीसेक ग्रॅम आधीच आत असते. काच ते सोसत नाही.

फेब्रुवारीत दादाने पुन्हा लावली. सहाव्या दिवशी बुडबुडे बंद. या वेळी त्याने मोजलं तर 1.022! भांडं वर आणलं. आठवड्याने 1.012, तीन दिवसांनी पुन्हा 1.012. मग भरली. तरीही पहिले काही दिवस त्याने बाटल्या झाकणाच्या खोक्यात, मुलाच्या हाताला लागणार नाहीत अशा ठेवल्या.

मी आजीला म्हटलं, "बघ, तुझं नाक आणि त्याचं यंत्र, दोघांचं जमलं." ती म्हणाली, "नाक टोरोंटोला पोचतंय थोडंच! मोजलं ते बरं केलं. पोराला लागलं तर नाही ना?"

नाही लागलं. एकही बाटली फुटली नाही.