शिक्षकांचीही शाळा

इंग्लंडमध्ये वर्षातले पाच दिवस मुलांना सुट्टी असते आणि शाळा भरते ती शिक्षकांची! याला 'इन्सेट डे' म्हणतात. १९८० च्या दशकातले शिक्षणमंत्री केनेथ बेकर यांच्यामुळे 'बेकर डे' हेही नाव पडलं. आम्हा नोकरदार पालकांना मात्र 'आज पोरांना कुठे ठेवायचं?' एवढीच काळजी.

पण आत काय चालतं, ते बघण्यासारखं आहे. हल्ली अनेक शाळांत 'डायरेक्ट इन्स्ट्रक्शन'वर, म्हणजे थेट शिकवण्यावर भर असतो. अमेरिकन प्राध्यापक बराक रोझेनशाइन यांची दहा तत्त्वं त्यासाठी वापरतात. आधी कालची उजळणी, मग नवा भाग छोट्या टप्प्यांत. शिक्षकाने करून दाखवायचं, मग सगळ्यांनी मिळून, शेवटी एकट्याने. प्रश्न विचारला की प्रत्येकाने छोट्या पांढऱ्या पाटीवर उत्तर लिहून वर धरायचं. मागच्या बाकावरचा कुठे अडलाय, ते लगेच दिसतं. ज्याच्या घरी शिकवणारं कोणी नाही, त्याला याचा मोठा आधार.

हे सरावाशिवाय जमत नाही. म्हणून सप्टेंबर २०२१ पासून इथल्या नव्या शिक्षकाला दोन वर्षं मार्गदर्शक मिळतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही नवख्याला सिनियरच्या शेजारी बसवतातच की!

परदेशातल्या आपल्या मराठी शाळांत बहुतेक हौशी आई-बाबाच शिकवतात. आपुलकी भरपूर, पण आठवड्याला वेळ जेमतेम तास-दोन तास. म्हणूनच तो वाया जाता कामा नये. पाच नको, वर्षाला एक 'इन्सेट डे' आपणही ठेवूया का?