फादर फ्रान्सिस दिब्रिटो : ‘सुवार्ते’ची मराठी

‘सुवार्ता’ या शब्दापासून सुरुवात करू. बायबलमधील मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘चांगली बातमी’ असा आहे; ख्रिस्ती मराठीत त्याला ‘शुभवर्तमान’ असाही प्रतिशब्द आहे. वसईच्या कॅथलिक समाजाच्या मासिकाचे नाव ‘सुवार्ता’, आणि १९८३ ते २००७ या काळात फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे संपादक होते. एका लहानशा धर्मसमाजाच्या मासिकाचा संपादक साऱ्या मराठी वाचकांचा लेखक कसा झाला, हे येथे आपल्याला पाहायचे आहे.

यासाठी वसईची भाषिक पार्श्वभूमी ध्यानात घ्यावी लागेल. १७३९ पर्यंत येथे पोर्तुगीजांची सत्ता होती. पाद्री, क्रूस, नाताळ हे मराठीतील शब्द पोर्तुगीजांकडूनच आले. वसईतील ख्रिस्ती घरांत सामवेदी (कादोडी), वाडवळी अशा बोली बोलल्या जात. शाळेत प्रमाण मराठी, आणि मिस्सा मात्र लॅटिनमध्ये. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) उपासनेत लोकभाषांना वाव दिला. वसई तालुक्यातील नंदाखालचे दिब्रिटो १९७२ मध्ये धर्मगुरू झाले. म्हणजे मराठी ही वेदीवरची भाषा नुकतीच होऊ लागली होती, त्या काळात त्यांनी कामाला आरंभ केला.

प्रवचन ऐकणारा श्रोता श्रद्धेने बांधलेला असतो, मासिकाचा वाचक तसा नसतो. हा फरक दिब्रिटो यांनी ओळखला होता. बायबलबरोबरच ज्ञानेश्वर-तुकारामांशीही त्यांचे नाते होते. ख्रिस्ती आशय संतपरंपरेच्या शब्दांत मांडण्याची वाट तशी जुनी आहे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापलेले ‘क्रिस्तपुराण’ ओवीबद्ध आहे आणि त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. दिब्रिटो यांनी मात्र ओवी नव्हे, आजचे साधे गद्य निवडले. त्यांनी केलेल्या बायबलच्या अनुवादाचे नावच ‘सुबोध बायबल’ आहे. त्यांच्या ललित गद्यात कधीकधी प्रवचनाचा सूर डोकावतो, हेही नमूद केले पाहिजे.

हा आवाज चर्चच्या आवाराबाहेर पोहोचला तो जमिनीच्या प्रश्नामुळे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईचा हरित पट्टा बांधकामासाठी खुला होऊ लागला, तेव्हा हरित वसई संरक्षण समितीचे नेतृत्व त्यांनी केले. आपल्यापैकी अनेक जण ज्या नवी मुंबईत राहतात, ती वसवणाऱ्या सिडकोकडेच १९९० मध्ये वसई-विरार उपप्रदेशाचे नियोजन सोपवले गेले. केळीच्या बागा आणि विहिरी यांविषयी बोलताना धर्मभेद उरत नव्हता. विरोधकही होते, पण त्यांना उत्तर देण्याची भाषा मराठीच होती.

जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. एका ख्रिस्ती धर्मगुरूला हा मान मिळावा, याला काहींनी उघड विरोध केला. आक्षेप त्यांच्या लेखनावर नव्हता, धर्मगुरुपदावर होता. प्रकृती साथ देत नसतानाही ते संमेलनाला उपस्थित राहिले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

स्वाध्याय : ‘पाद्री’, ‘फादर’ आणि ‘धर्मगुरू’ हे तीन शब्द तुमच्या परिसरात कोण, केव्हा आणि कोणत्या भावनेने वापरतात, याची नोंद करा. त्यांतील अर्थच्छटा दहा ओळींत लिहा.