शेवटच्या सीटवर कोण बसणार?

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालंय. 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यात माझा आजही गोंधळ होतो. त्यामुळे मराठी विभागासाठी लेख मागायला आले तेव्हा मी मेसच्या मागच्या दाराने सटकायच्या बेतात होते. पण दिवाळीच्या सुट्टीत आमच्या घरी गाडीवरून जे रामायण झालं ते ऐकून रूममेट म्हणाली, "अगं, हेच लिही की!" तर लिहितेय. शुद्धलेखन सांभाळून घ्या, इंजिनीअरिंग तपासून घ्या.

आमचं घर धुळ्याला. आजी, पप्पा, मम्मी, काका, काकू, दोन चुलतभाऊ आणि मी, अशी आठ माणसं. मी जळगावला हॉस्टेलवर, म्हणून घरच्या हिशेबात सातच. जुनी गाडी पंधरा वर्षांची झाली आणि नवी घ्यायचं ठरलं. काकांचं म्हणणं, "घ्यायची तर स्कॉर्पिओसारखी मोठी एसयूव्हीच. गावात शिरली की चार माणसांनी वळून बघितलं पाहिजे." पप्पांचं म्हणणं, "एर्टिगासारखी एमपीव्ही घेऊ. सात जण बसतात, मायलेज बरं, हप्ताही झेपेल." दोन दिवस चहा गार होत राहिला. शेवटी काका म्हणाले, "घरात मेकॅनिकलची इंजिनीअर आहे ना? तिलाच विचारा." थर्ड इयरपर्यंत भरलेली फी वसूल करायची घरच्यांना मिळालेली ही पहिलीच संधी.

या सगळ्यात आजी काहीच बोलत नव्हती. दोन वर्षांपासून ती गाडीत बसून कुठे गेलेली नाही. विचारलं की एकच उत्तर, "मी घरच बरी शे, तुम्ही जाईसन या." आम्हाला वाटायचं वय झालं, आता हौस राहिली नाही. काकूने मला हळूच खरं कारण सांगितलं. एका लग्नात नातेवाइकांच्या उंच गाडीत आजीला चढता येईना. गुडघे दुखतात, पाय पायरीपर्यंत पोचेना. शेवटी दोघांनी काखेत हात घालून तिला आत उचलून बसवलं, आणि सगळा मांडव बघत होता. त्या दिवसापासून आजीने गाडी सोडली.

म्हणून मी काम उलट्या बाजूने सुरू केलं. ड्रायव्हरच्या सीटपासून नाही, शेवटच्या आणि मधल्या सीटपासून.

आधी नावांचा घोळ निस्तरू. अमेरिकेत ज्याला मिनीव्हॅन म्हणतात, तो प्रकार क्रायस्लर कंपनीने १९८४च्या मॉडेल वर्षात लोकप्रिय केला. कारसारखी बुटकी फरशी, तीन रांगा, बाजूला सरकणारं दार. आपल्याकडे सरकत्या दाराची व्हॅन म्हटली की ओम्नी नाहीतर ईको आठवते. पण मिनीव्हॅनचं घरगुती काम आपल्याकडे एमपीव्ही करते. आपल्या रस्त्यांवर १९९४ साली टाटा सुमो आली (नाव सुमंत मुळगावकरांवरून, जपानी पैलवानावरून नव्हे!), २००० साली क्वालिस, २००२ साली शेजारच्या नाशिकमध्ये बनणारी स्कॉर्पिओ, २००५ साली इनोव्हा आणि २०१२ साली एर्टिगा. सरकारी हिशेबात तर जुलै २०२३ मध्ये जीएसटी कौन्सिलने ठरवलं की लांबी ४ मीटरपेक्षा जास्त, इंजिन १५०० सीसीपेक्षा मोठं आणि रिकाम्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १७० मिलिमीटर किंवा जास्त असेल, तर नाव काहीही असो, २२ टक्के सेस. सप्टेंबर २०२५ पासून तो सेसच गेला आणि मोठ्या गाड्यांना सरसकट ४० टक्के जीएसटी लागला. म्हणजे टॅक्सच्या दृष्टीने काका आणि पप्पा आता एकाच पारड्यात!

मग खरा फरक कुठे आहे? तो बघायला खाली वाकावं लागतं.

स्कॉर्पिओ-एन, बोलेरो, फॉर्च्युनर या गाड्या लॅडर फ्रेमवर उभ्या असतात. नावाप्रमाणेच ती पोलादाची आडवी टाकलेली शिडी. इंजिन, चाकं, सस्पेन्शन सगळं शिडीला, आणि बॉडी वरून बोल्टने बसवलेली. एर्टिगा, कॅरेन्स या गाड्या मोनोकॉक, म्हणजे बॉडी हाच सांगाडा, अंड्याच्या कवचासारखा. आता व्हायव्हात विचारतात तसा प्रश्न: इनोव्हा कोणत्या गटात? उत्तर: क्रिस्टा दिसते एमपीव्ही, पण खाली लॅडर फ्रेम आणि मागच्या चाकांना ताकद. २०२२ साली आलेली हायक्रॉस मात्र मोनोकॉक आणि पुढच्या चाकांना ताकद. उलट एक्सयूव्ही ७०० आणि २०२१ची सफारी दिसतात दणकट एसयूव्ही, पण आहेत मोनोकॉक. तेव्हा सेल्समन काय म्हणतो यापेक्षा गाडीखाली काय आहे ते बघा.

याचा आजीच्या गुडघ्याशी काय संबंध? सरळ आहे. शिडी जमिनीपासून उंच, तिच्यावर फरशी, म्हणजे फरशी आणखी उंच. मागच्या चाकांना ताकद द्यायची तर मागे डिफरन्शियल आणि अ‍ॅक्सल. अखंड अ‍ॅक्सल खड्ड्यात वरखाली होतो, त्याच्यासाठी जागा सोडावी लागते. त्याच्या वरच तिसरी रांग येते. फरशी वर आली, पण छप्पर हवं तेवढं वर नेता येत नाही. मग सीट फरशीला चिकटते आणि बसणाऱ्याचे गुडघे छातीपाशी येतात. पुढच्या चाकांना ताकद असलेल्या एमपीव्हीत मागे प्रोपेलर शाफ्टही नाही आणि डिफरन्शियलही नाही, त्यामुळे फरशी खाली राहते. चढायला एकच पाऊल आणि तिसऱ्या रांगेत पाय सोडून बसता येतं.

दुसरी गोष्ट सामानाची. आपण खान्देशातली माणसं रिकाम्या हाताने प्रवास करतो का? जाताना पिशव्या, येताना भरताची वांगी, केळीचा घड आणि कोणीतरी बळेच दिलेली दादरची गोणी. एर्टिगात तिन्ही रांगा उघड्या असताना डिकी २०९ लिटर, म्हणजे दोन मध्यम बॅगा. स्कॉर्पिओ-एनमध्ये तिसरी रांग उघडली की मोठी बॅग मागे बसत नाही. मग सामान टपावर, कॅरिअरला. पप्पांनाही एक टोला देते: एर्टिगा सीएनजी घेतली तर मायलेज किलोला कागदावर २६ किलोमीटर, पण सिलिंडर डिकीत बसतो. सात माणसं अधिक सीएनजी म्हणजे सामान पुन्हा टपावरच.

टपावर सामान गेलं की काय होतं? यासाठी एक सोपं सूत्र आहे, स्टॅटिक स्टॅबिलिटी फॅक्टर. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर भागिले गुरुत्वमध्याच्या उंचीची दुप्पट. समजा चाकांमधलं अंतर १.५ मीटर आणि गुरुत्वमध्य ०.६५ मीटरवर, तर उत्तर येतं १.१५. तोच ०.७५ मीटरवर गेला तर १.०. आकडा जितका कमी तितकी गाडी उलटायला सोपी. साध्या कारचा आकडा साधारण १.३ ते १.५ असतो, एसयूव्ही आणि व्हॅनचा १.० ते १.३. पारोळ्याजवळ अचानक म्हैस आडवी आली आणि स्टिअरिंग झटक्यात फिरवलं तर टपावरची गोणी कोणाच्या बाजूने असते, हे तुम्हीच ठरवा. त्यामुळे गाडी कोणतीही घ्या, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आहे ना एवढं विचाराच.

आता काकांची बाजू. ती कमजोर नाही. एर्टिगाचं रिकामं वजन साधारण १२०० किलो, स्कॉर्पिओ-एनचं २ टनांच्या आसपास. सात माणसं आणि सामान मिळून ५०० किलो धरा. एर्टिगाचं वजन ४० टक्क्यांहून जास्त वाढलं, स्कॉर्पिओचं २५ टक्के. टॉर्क एर्टिगाचा १३७ न्यूटन-मीटर, स्कॉर्पिओ-एन डिझेल मॅन्युअलच्या वरच्या मॉडेलचा ३७०. भरलेल्या गाडीच्या दर टनामागे हिशेब केला तर अनुक्रमे ८१ आणि १४८. म्हणजे चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना पप्पांच्या पसंतीची गाडी सेकंड गिअरमध्ये घामाघूम, आणि ओव्हरटेक करायचा तर आधी विचार करावा लागणार.

शिवाय कोणाची रावेर-यावलकडे केळीची बाग असेल आणि पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्याने रोज जायचं असेल, तर एसयूव्हीच बरी. भरलेली गाडी चढावर वजन मागे टाकते. मागच्या चाकांना ताकद असेल तर पकड वाढते, पुढच्या चाकांना असेल तर ती जागेवर गरगरतात. ग्राउंड क्लिअरन्सचे कागदावरचे आकडे दोन्हींचे जवळपास सारखे, १८०च्या पुढेमागे. पण ते रिकाम्या गाडीचे. सात जण बसल्यावर मऊ स्प्रिंगची गाडी जास्त खाली बसते, आणि स्पीडब्रेकरला पोट घासल्याचा आवाज पूर्ण कुटुंब एकत्र ऐकतं.

डिझेल-पेट्रोलचा हिशेबही केला. वर्षाला १२,००० किलोमीटर धरा. पेट्रोल एमपीव्ही लिटरला १५ देते आणि डिझेल एसयूव्ही १२, असं समजलं तर ८०० लिटर विरुद्ध १००० लिटर. पेट्रोल महाग, डिझेल त्यापेक्षा स्वस्त. फरक वर्षाला काही हजारांचाच निघतो. खरा फरक खरेदीच्या किमतीत आणि हप्त्यात. पप्पांचा मायलेजचा मुद्दा त्यांना वाटत होता तेवढा वजनदार निघाला नाही.

सुरक्षिततेत तर दोघांचेही समज मोडले. "जड गाडी म्हणजे सेफ गाडी," असं काका म्हणत. ग्लोबल एनकॅपने २०१६ साली एअरबॅग नसलेल्या स्कॉर्पिओची चाचणी घेतली, तेव्हा तिला शून्य स्टार मिळाले. २०२२ साली नव्या स्कॉर्पिओ-एनला पाच. नाव तेच, पण गाडी पूर्ण नवी. एर्टिगाला २०१९ साली तीन मिळाले होते, म्हणजे इथे काका जिंकले. पण एक मेख आहे. त्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढच्या दोन सीटवर असतात आणि लहान मुलांचे मागे, दुसऱ्या रांगेत. तिसऱ्या रांगेत बसलेल्या माणसाचं काय होतं, हे ते स्टार सांगत नाहीत. त्या रांगेच्या मागे मोडायला जागाच थोडी असते, दोन्ही प्रकारांत. म्हणून तिथे तीन-पॉइंट बेल्ट आणि हेडरेस्ट आहे का, सीट पुढे तोंड करून आहे का, हे हात लावून बघायचं. आडव्या बाकड्यांवर समोरासमोर बसायला गप्पांना मजा येते, ब्रेक लागल्यावर येत नाही. आणि मागे बसलेल्यांनी बेल्ट लावायचाच. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळच्या अपघातात मागे बसलेले सायरस मिस्त्री गेले, तेव्हा त्यांनी बेल्ट लावला नव्हता असं तपासात समोर आलं. गाडी लहानसहान नव्हती.

एवढं सगळं वहीच्या एका पानावर लिहून मी घरच्यांसमोर ठेवलं आणि म्हणाले, शोरूमला सगळे जाऊ, आजीसकट. आजी नाहीच म्हणत होती. "तुझ्याशिवाय माझं प्रोजेक्ट पूर्ण होत नाही," असं सांगून तिला नेलं. आधी एसयूव्ही. आजीने एक पाय पायरीवर ठेवला, वरचं हँडल पकडलं, आणि पाय खाली घेतला. काहीच बोलली नाही. काकांनी ते पाहिलं. मग मी काकांना तिसऱ्या रांगेत बसवलं. गुडघे छातीला लागलेल्या अवस्थेत ते दोन मिनिटं बाहेर बघत राहिले. नंतर एमपीव्ही. आजी पाठमोरी होऊन आधी सीटवर टेकली, मग पाय आत घेतले. कोणाचाही हात न धरता. टेस्ट ड्राइव्हला मी स्वतः तिसऱ्या रांगेत बसले, लळिंगपर्यंत आणि परत. चढावर इंजिन कुरकुरलं हे खरं, पण माझे पाय शाबूत होते.

एमपीव्ही आली. सीएनजी नाही, पेट्रोल. काका दोन दिवस फुगून होते, तिसऱ्या दिवशी किल्ली त्यांच्याच खिशात. पण गाडी दारात लागल्यावर आजीनेच अडचण काढली. "पोर उनी म्हंजे ती कोठे बसी?" सात सीट, आठ माणसं! कोणीतरी म्हणालं, सरकून बसू. मी नको म्हणाले. आठव्याला बेल्ट नसतो, आणि कायदाही नाही. आठ जण एकत्र जायचे दिवस वर्षातून दोन. त्या दोन दिवसांसाठी लाखभर जास्त मोजून मोठी गाडी दारात उभी करण्यापेक्षा दोघांनी एसटीने जावं.

मार्चमध्ये, यात्रेची गर्दी सुरू व्हायच्या आत, घरचे वणीला गेले. गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, त्यामुळे देवीच्या पायऱ्यांचा प्रश्न आजीला नव्हताच. प्रश्न होता तो गाडीच्या पायरीचा. मी आणि मोठा भाऊ एसटीने मागून गेलो. नांदुरीला पोचलो तेव्हा आजी मधल्या रांगेत खिडकीशी बसली होती, आणि "उशीर का झाला" म्हणून आम्हालाच रागावली.

तेव्हा दोस्तांनो, सुट्टीत कोणाच्या घरी गाडीचा विषय निघाला तर ब्रोशर नंतर वाचा. आधी तीन प्रश्न विचारा. शेवटच्या सीटवर कोण बसणार? सगळे बसल्यावर सामान कुठे जाणार? आणि घरातलं सर्वांत म्हातारं माणूस आपलं आपण चढू शकेल का? मोजायला खिशात टेप ठेवा, आणि आजीला सोबत न्या.