अंदमानला स्कूबा डायव्हिंगला जायचंय? पॅकेजचे पैसे भरण्याआधी एवढं समजून घ्या

सोयाबीन, कापूस, उसाचे पैसे हातात आले आणि लग्नसराई आटोपली की गावागावातून फिरायला जाणाऱ्यांची तयारी सुरू होते. पूर्वी ही तयारी अष्टविनायक, कोकण नाहीतर गोव्यापुरती असायची. आता मोबाईलवर अंदमानचे व्हिडिओ फिरतात. निळंशार पाणी, पाठीवर सिलिंडर, आजूबाजूला रंगीत मासे. नव्या जोडप्यांना आणि तरुण पोरांना ते बघून जावंसं वाटणारच. पण स्कूबाचा कार्यक्रम सहलीत कुठल्या दिवशी ठेवायचा, हे पॅकेज विकणारा नेहमी सांगतोच असं नाही. आणि जिवाशी गाठ नेमकी त्याच गोष्टीत आहे.

जायचं कुठे, कसं?

अंदमानात डायव्हिंगचं मुख्य ठिकाण म्हणजे हॅवलॉक बेट. 2018 पासून त्याचं नाव स्वराज द्वीप आहे. विमान मात्र तिथे उतरत नाही. ते पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमला, वीर सावरकर विमानतळावर उतरतं. चेन्नई किंवा कोलकात्याहून साधारण दोन-सव्वादोन तासांचा हा प्रवास आहे. चेन्नईहून जहाजही जातं, पण त्याला जवळपास तीन दिवस लागतात.

पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला बोटीने जावं लागतं. सरकारी बोट स्वस्त, तर खासगी बोट वेगवान आणि महाग. दोन्हीसाठी ओळखपत्र लागतं, म्हणून आधार कार्ड जवळ ठेवा. सीझनमध्ये बोटी लवकर भरतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढलं की लगेच बोटीचंही बघा.

कधी जावं?

नोव्हेंबर ते मेच्या सुरुवातीपर्यंतचा काळ बरा. जानेवारी ते एप्रिल समुद्र सहसा शांत आणि पाणी स्वच्छ असतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी रद्द होतात आणि अख्खं वेळापत्रक कोलमडतं. अंदमान आपल्यापेक्षा बरंच पूर्वेला आहे, पण घड्याळ तेच. त्यामुळे तिथे सूर्य तासाभराहून जास्त आधी उगवतो आणि तसाच आधी मावळतो. संध्याकाळी पाच-साडेपाचला अंधारायला लागतं. फिरायचं ते पहाटेपासूनच.

पोहता येत नाही, मग?

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी 'ट्राय डाइव्ह' असते. त्यासाठी पोहता आलंच पाहिजे असं नाही. प्रशिक्षक पूर्ण वेळ सोबत असतो, सिलिंडरची यंत्रणा तोच सांभाळतो आणि जास्तीत जास्त 12 मीटरपर्यंत नेतो. मुलांसाठी किमान वय 10 वर्षं.

ज्याला स्वतः डायव्हर व्हायचं आहे त्याच्यासाठी 'ओपन वॉटर' कोर्स आहे. तो तीन-चार दिवसांचा असतो, त्यात 18 मीटरपर्यंतचं प्रशिक्षण मिळतं आणि 200 मीटर पोहण्याची परीक्षा असते. खर्च ट्राय डाइव्हच्या कित्येक पट. फक्त अनुभव घ्यायचा असेल तर ट्राय डाइव्ह पुरे.

विहिरीतलं पोहणं वेगळं, हे वेगळं

विहिरीत सूर मारणाऱ्याला श्वास रोखून धरायची सवय असते. स्कूबामध्ये ती सवय घातक आहे. पाण्यात दर 10 मीटरला, म्हणजे साधारण 33 फुटांना, एका वातावरणाएवढा दाब वाढतो. 10 मीटरवर छातीभर घेतलेली हवा श्वास रोखून वर आलात तर दुप्पट फुगू पाहते, आणि फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून पहिला नियम असा की श्वास कधीच रोखायचा नाही. सावकाश घेत राहायचा, सोडत राहायचा.

बरेच जण 'ऑक्सिजनचं सिलिंडर' म्हणतात, पण त्यात साधी हवाच दाबून भरलेली असते. मोटारसायकलच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण 2 बार असतो, तर या सिलिंडरमध्ये साधारण 200 बार.

कानाचंही लक्षात ठेवा. घाटात गाडीत कानाला दडे बसतात, तसंच खाली जाताना होतं. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं. कान दुखला तर थांबायचं, ओढून खाली जायचं नाही.

अजून एक. पाण्यात अंगठा वर केला की त्याचा अर्थ 'मस्त' होत नाही, 'वर चला' असा होतो. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनी जोडून गोल दाखवतात.

सगळ्यात महत्त्वाचं: डाइव्हनंतर लगेच विमान नको

खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना हवेतला नायट्रोजन रक्तात आणि स्नायूंत विरघळतो. वर आल्यावर तो हळूहळू बाहेर पडतो. सोड्याच्या बाटलीचं झाकण एकदम उघडलं की कसे बुडबुडे येतात? डाइव्ह करून लगेच विमानात बसलं तर वर हवेचा दाब कमी असल्यामुळे अंगात तसेच बुडबुडे तयार होऊ शकतात. सांधे दुखणं, हातपाय बधिर होणं, चक्कर येणं अशी लक्षणं दिसतात. प्रसंगी लकवा होतो, जीवही जाऊ शकतो.

म्हणून एक डाइव्ह केली असेल तर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास विमान टाळायचं असतं. पूर्ण 24 तास ठेवले तर उत्तमच.

सहा दिवसांचा बेत असा बसवता येतो:

- पहिला दिवस: पोर्ट ब्लेअरला पोहोचणं, विश्रांती
- दुसरा: बोटीने हॅवलॉक, राधानगर किनारा
- तिसरा: सकाळी डाइव्ह
- चौथा: राखीव. हवामानामुळे डाइव्ह हुकली तर आज करता येते
- पाचवा: बोटीने परत, सेल्युलर जेल
- सहावा: विमान

सेल्युलर जेल पहिल्या दिवशी आणि डाइव्ह शेवटच्या दिवशी, असं पॅकेज कोणी दिलं तर क्रम बदलून मागा.

कोणी पाण्यात उतरू नये?

दमा, हृदयविकार, फिट येणं, कानाचं किंवा छातीचं ऑपरेशन झालेलं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तरीही. गरोदर बाईने उतरू नये. साधी सर्दी असली तरी कान मोकळा होत नाही, त्या दिवशी राहू द्या. डाइव्हआधी दारू नको. तिथे आरोग्याचा फॉर्म भरून घेतात. पैसे वाया जातील म्हणून त्यात खोटं लिहू नका. खाली त्रास झाला तर भोगायचं आपल्यालाच.

पैसे देण्याआधी विचारायचे प्रश्न

- प्रशिक्षकाकडे मान्यताप्राप्त संस्थेचं कार्ड आहे का?
- एका प्रशिक्षकामागे किती जण? ट्राय डाइव्हला एकास एक असेल तर चांगलं.
- डाइव्ह किनाऱ्यावरून की बोटीतून? प्रत्यक्ष पाण्याखाली किती मिनिटं?
- फोटो-व्हिडिओ किमतीत धरले आहेत का?
- हवामान बिघडलं तर पैसे परत मिळतात का?
- अडचण आली तर ऑक्सिजन आणि दवाखान्याची सोय काय?

उत्तरं व्हॉट्सअॅपवर लेखी घ्या. प्रवास विमा काढला असेल तर त्यात स्कूबा धरलंय का, तेही बघा. बेटावर एटीएम मोजकेच आहेत, थोडी रोख जवळ ठेवा.

प्रवाळ दगड नव्हे

पाण्याखाली दिसणारं प्रवाळ जिवंत असतं. 2010 मध्ये समुद्राचं पाणी तापल्यामुळे अंदमानचं बरंच प्रवाळ पांढरं पडलं होतं. त्याला हात लावू नका, त्यावर उभं राहू नका. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून बॅगेत टाकला तर वन्यजीव कायद्याखाली गुन्हा होतो, विमानतळावर तपासणीत सापडतो. काही किनाऱ्यांवर मगरींच्या सूचनेचे फलक असतात, ते गंमत म्हणून लावलेले नाहीत.

एवढं बजेट नसेल तर

आपल्या सिंधुदुर्गात मालवण-तारकर्ली आहेच. तिथेही पावसाळा सोडून स्कूबा चालतं. पाणी अंदमानइतकं नितळ नसतं, पण एसटीने जाऊन येता येतं. एकदा तिथे उतरून बघा. पाण्याखाली श्वास घेताना जीव घाबरला नाही, मजा आली, तर मग अंदमानचा खर्च करायला हरकत नाही.