घरच्या संगणकाचा मोफत राखणदार



आपल्या धर्मग्रामातील बऱ्याच घरांत आता संगणक आला आहे. तो घेतलेला असतो मुलांच्या अभ्यासासाठी. पण हळूहळू जमिनीच्या उताऱ्याची प्रत, मुलांची मार्क्सकार्डे, पीक-कर्जाचे कागद, उसाच्या बिलाचा हिशोब आणि घरच्या लग्नाचे फोटो, सारे त्यातच जाऊन बसते. पूर्वी ट्रंकेत कुलूप लावून ठेवायचो ते आता या पेटीत असते. म्हणूनच रविवारच्या मिस्सानंतर एक प्रश्न वारंवार कानावर येतो: "फादर, संगणकाला अँटीव्हायरस विकत घ्यावे, की मोफतचे चालते?"

उत्तर थोडक्यात असे: साध्या घरगुती वापराला मोफतचे पुरते. मात्र मोफत म्हणजे कोणते आणि ते कसे सांभाळायचे, हे समजून घेतले पाहिजे.

व्हायरस म्हणजे काय?

संगणकाचा व्हायरस हा जिवंत जंतू नव्हे. तो माणसानेच लिहिलेला, नुकसान करणारा प्रोग्राम असतो. १९८६ साली लाहोरच्या दोन भावांनी लिहिलेला 'ब्रेन' नावाचा व्हायरस फ्लॉपीवरून देशोदेशी पसरला. आज तोच प्रकार पेन ड्राइव्ह, ईमेल आणि इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या फायलींतून येतो. यातला सर्वांत दुष्ट प्रकार म्हणजे तुमच्या फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच प्रोग्रामने सुमारे १५० देशांतील संगणक अडवले. इंग्लंडमधील सरकारी दवाखान्यांचे काम खोळंबले. ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्ट कंपनीने मार्च २०१७ मध्येच, म्हणजे दोन महिने आधी, दिली होती. ज्यांनी ती वेळेवर बसवून घेतली त्यांचे संगणक त्या भगदाडापुरते तरी सुरक्षित राहिले.

गुरांना लाळ-खुरकुताची लस दर सहा महिन्यांनी टोचावी लागते, एकदा टोचून भागत नाही. संगणकाचेही तसेच आहे. नवे व्हायरस रोज निघतात, म्हणून त्यांना ओळखण्याची माहितीही रोज नवी यावी लागते. ज्या अँटीव्हायरसला ही माहिती मिळत नाही, ते नवे व्हायरस ओळखू शकत नाही.

मोफतचे तीन प्रकार

पहिला प्रकार, संगणकासोबतच आलेले. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, मायक्रोसॉफ्टने 'डिफेंडर' हे अँटीव्हायरस विंडोजमध्येच घालून दिले आहे. विंडोज १० आणि ११ मध्येही ते आहे. त्याचे वेगळे पैसे नाहीत, मुदत संपत नाही. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कंपॅरेटिव्हज या संस्था अशा प्रोग्रामांची स्वतंत्रपणे तपासणी करतात. व्हायरस किती पकडला, संगणक किती मंदावला आणि चांगल्या फायलीला उगाच दोष किती वेळा दिला, हे त्या पाहतात. त्यांच्या तपासणीत डिफेंडर गेली काही वर्षे चांगल्या प्रोग्रामांच्या पंक्तीत बसते आहे. बहुतेक घरांना एवढे पुरे.

दुसरा प्रकार, कंपन्यांनी दिलेली मोफत आवृत्ती. यात लबाडी असतेच असे नाही. आज फुकट वापरणारा उद्या गिऱ्हाईक होईल, ही कंपनीची आशा असते. पण कंपनीचा खर्च कशातून निघतो, हे विचारावे. अवास्ट ही या धंद्यातली मोठी कंपनी. तिच्या प्रोग्रामांतून लोक इंटरनेटवर काय पाहतात याची माहिती गोळा करून, जंपशॉट या तिच्याच उपकंपनीमार्फत ती विकली जात होती. हे उघडकीला आल्यावर २०२० मध्ये जंपशॉट बंद करण्यात आली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अवास्टला १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. राखणदार ठेवताना तो घरातल्या गोष्टी बाजारात सांगत फिरणार नाही ना, एवढी चौकशी आपण करतोच. इथेही ती करावी.

तिसरा प्रकार, खोटे. काहीतरी वाचत असताना एकाएकी पडदा लाल होतो, भोंगा वाजतो, "तुमच्या संगणकात अनेक व्हायरस सापडले, ताबडतोब या नंबरवर फोन करा" असे दिसते. हा मेंढराच्या कातड्यातला लांडगा. इंटरनेटचे कोणतेही पान तुमच्या संगणकाची अशी तपासणी करू शकत नाही, आणि खऱ्या अँटीव्हायरसच्या इशाऱ्यात फोन नंबर नसतो. त्यावर बोट लावू नका. ते पान बंद करा, बंद होत नसेल तर संगणकच बंद करून पुन्हा सुरू करा.

याशिवाय नव्या लॅपटॉपवर पुष्कळदा एखादे विकतचे अँटीव्हायरस महिनाभराच्या चाचणीसाठी घातलेले असते. मुदत संपली की पैसे मागत राहते. ते घ्यायचे नसेल तर काढून टाका आणि डिफेंडर चालू झाले आहे का ते पाहा.

घरी काय करावे

१. 'स्टार्ट'वर जाऊन 'विंडोज सिक्युरिटी' उघडा. त्यात 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'रियल-टाइम प्रोटेक्शन' चालू आहे ना, ते पाहा. महिन्यातून एकदा 'फुल स्कॅन' करा.

२. एका संगणकावर दोन अँटीव्हायरस एकदम चालवू नका. एका बांधावर दोन राखणदार ठेवले तर ते एकमेकांवरच भुंकतात. संगणक मंदावतो आणि काम बिघडते.

३. विंडोजची दुरुस्ती, ज्याला 'अपडेट' म्हणतात, ती अडवू नका. विंडोज १० ची नेहमीची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. नोंदणी करणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदत मिळाली. संगणक पेलत असेल तर विंडोज ११ घालून घ्यावे. जुना असेल तर लिनक्स मिंट किंवा उबंटू या मोफत प्रणाली जाणकाराकडून बसवून घेता येतात.

४. झेरॉक्सच्या दुकानातून आलेला पेन ड्राइव्ह आधी तपासा, मग उघडा.

५. चोरून मिळवलेले, 'क्रॅक' केलेले प्रोग्राम घालू नका. ते घालताना "आधी अँटीव्हायरस बंद करा" अशी सूचना असते, यातच सारे आले. सातवी आज्ञा इथेही लागू आहे, आणि ती मोडण्याचा दंड बहुधा त्याच संगणकावर भरावा लागतो.

६. महत्त्वाच्या कागदांची दुसरी प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा आणि तो काढून कपाटात ठेवा. तो संगणकाला लावूनच ठेवला तर खंडणीखोर प्रोग्राम त्यालाही कुलूप लावतो. बियाणे आपण खाण्याच्या धान्यात मिसळून ठेवत नाही, तसेच हे.

संगणकात व्हायरस शिरलाच असे वाटले तर केंद्र सरकारच्या 'सायबर स्वच्छता केंद्रा'ची मदत घ्यावी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या केंद्राच्या संकेतस्थळावर साफसफाईचे प्रोग्राम मोफत मिळतात.

जे अँटीव्हायरस करू शकत नाही

कुंपण कितीही पक्के असले तरी मालकानेच फाटक उघडले तर गुरे शिरणारच. बँकेच्या नावाने फोन आला आणि आपण ओटीपी सांगून मोकळे झालो, किंवा पीएम-किसानच्या हप्त्याच्या नावाने आलेली अनोळखी फाइल उघडून तिला सगळ्या परवानग्या दिल्या, तर मोफत काय आणि विकत काय, कोणतेच अँटीव्हायरस आपल्याला खात्रीने वाचवू शकत नाही. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० या सरकारी नंबरवर फोन करा आणि बँकेलाही कळवा. जितक्या लवकर कळेल तितकी पैसे वाटेत अडवण्याची आशा अधिक. फसवला गेलेला माणूस पापी नव्हे. घरच्यांनी त्याला टाकून बोलू नये, नाहीतर पुढच्या वेळी तो सांगणारच नाही आणि मदतीची वेळ निघून जाईल.

शेवटी एक विनंती. घरातल्या थोरांना ही भाषा अवघड जाते. कॉलेजात जाणाऱ्या मुलामुलींनी या आठवड्यात अर्धा तास काढून घरच्या आणि शेजारच्या संगणकाचे वरील सहा मुद्दे तपासावेत. यात एक पैचाही खर्च नाही, आणि एखाद्या कुटुंबाचे कागद आणि कष्टाचे पैसे यामुळे वाचतील.