बॉस्टनचे पत्र : पाठीशी उभे राहणारे कामगार

बॉस्टनमधल्या अनेक बांधकामांवर कामगारांच्या खोलीत प्रथमोपचाराच्या पेटीशेजारी आता आणखी एक छोटी पेटी असते. तिच्यात नॅलोक्सोनचा फवारा असतो. अफूच्या जातीच्या औषधाचा किंवा नशेचा डोस जास्त होऊन कुणाचा श्वास मंदावू लागला, तर हा फवारा त्याच्या नाकात मारायचा, रुग्णवाहिका बोलवायची आणि ती येईपर्यंत त्याच्याजवळ थांबायचे. मार्च २०२३मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हा फवारा डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी दिली. परांचीवरून पडणे, विजेचा धक्का, अंगावर तुळई येणे हे इथले जुने धोके. त्यांच्या पंक्तीत ओव्हरडोस येऊन बसला आहे.

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या आरोग्य विभागाने २०१८मध्ये एक अहवाल काढला. २०११ ते २०१५ या पाच वर्षांत अफूजन्य पदार्थांच्या ओव्हरडोसने दगावलेल्या कामगारांचा व्यवसाय कोणता होता, हे त्यात तपासले होते. सर्व व्यवसायांची सरासरी लाखामागे २५ मृत्यूंची होती. बांधकाम आणि खाणकामाच्या गटात ती १५०च्या वर, म्हणजे सहापट निघाली. एकूण मृतांपैकी जवळपास चौथा हिस्सा या एका गटाचा होता. पुढे २०२०च्या देशव्यापी आकडेवारीतही सर्व प्रकारच्या अमली पदार्थांच्या ओव्हरडोसमध्ये हाच गट सर्वांत वर होता: लाखामागे १६२.६.

ही माणसे मुळातच व्यसनी वृत्तीची, असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि चुकीचे आहे. त्याच अहवालाने दुसरी एक गोष्ट दाखवली. ज्या धंद्यांत इजा जास्त आणि भरपगारी आजारपणाची रजा कमी, त्याच धंद्यांत हे मृत्यू जास्त होते. छतावर काम करणाऱ्याचे गुडघे, लोखंडकाम करणाऱ्याची पाठ, जिप्समचे पत्रे डोक्यावर उचलून छताला ठोकणाऱ्याचे खांदे चाळिशीच्या आतच कुरकुरू लागतात. पगार तासावर. घरी बसलात तर पैसे नाहीत. अशा माणसाला १९९६ साली बाजारात आलेल्या ऑक्सिकॉन्टिनसारख्या गोळीने वरदान मिळाल्यासारखे वाटले. सकाळी गोळी घ्यायची आणि दिवस काढायचा. गोळीचे व्यसन लागण्याचा धोका कमी आहे असे भासवून दिशाभूल केल्याचा गुन्हा ती बनवणाऱ्या पर्ड्यू कंपनीने २००७मध्ये न्यायालयात कबूल केला. तोवर घराघरांत बाटल्या पोचल्या होत्या. पुढे डॉक्टरांनी हात आखडता घेतला. मॅसॅच्युसेट्सने २०१६मध्ये कायदा करून पहिल्यांदा दिल्या जाणाऱ्या अशा औषधाला सात दिवसांची मर्यादा घातली. ती योग्यच होती. पण ज्यांचे शरीर आधीच त्यावर चालत होते त्यांच्यातले कितीतरी जण रस्त्यावरच्या गोळ्यांकडे, मग हेरॉइनकडे आणि शेवटी फेंटानिलकडे गेले.

इथे अमेरिकेतली एक व्यवस्था समजून घ्यायला हवी, नाहीतर पुढचे कळणार नाही. युनियनचा बांधकाम कामगार एका कंपनीचा नोकर नसतो. युनियनच्या हॉलमध्ये त्याचे नाव यादीत असते. ठेकेदाराला माणसे लागली की हॉलमधून पाठवली जातात, काम संपले की ती परत यादीत. सहा महिने एका ठेकेदाराकडे, चार महिने दुसऱ्याकडे. त्याचा आरोग्य विमाही त्याने केलेल्या तासांवर चालतो. प्रत्येक तासामागे ठेकेदार सामाईक निधीत पैसे भरतो आणि ठरावीक तास भरले नाहीत तर विमा बंद होऊ शकतो. म्हणजे उपचारासाठी महिनाभर काम सोडायचे, तर पगार गेलाच, शिवाय ज्या विम्यावर उपचार करायचे तोही डळमळीत. १९९३च्या केंद्रीय कायद्याने आजारपणासाठी बारा आठवड्यांची बिनपगारी रजा मिळते, पण त्यासाठी एकाच मालकाकडे बारा महिने झालेले असावे लागतात. सतत ठेकेदार बदलणाऱ्याला त्या कायद्याचा उपयोग किती?

त्यात भीती. फोरमनला सांगितले तर पुढच्या कामावर बोलावणे येणार नाही, मूत्रतपासणीत सापडले तर आहे ते काम जाईल, आणि सोबतच्यांना कळले तर उंचावर याच्या हातात दोर कोण देईल? म्हणून तो बोलत नाही. मालकाने लावलेल्या हेल्पलाइनच्या पत्रकाकडे तो पाहतसुद्धा नाही, कारण ते मालकाने लावलेले असते.

या गप्प बसण्यावर इथल्या युनियनांनी काढलेला मार्ग हाच या पत्राचा विषय आहे. स्वतः नशेतून बाहेर पडलेले, अजून त्याच कामावर असलेले सुतार, इलेक्ट्रिशियन, लोखंडवाले प्रशिक्षण घेऊन सोबती म्हणून उभे राहतात. काहींच्या हेल्मेटवर ओळखीचा स्टिकर असतो. जेवणाच्या सुटीत कुणी शेजारी येऊन बसतो, इकडचे तिकडचे बोलतो आणि जाताना नंबर मागून घेतो. फोन मात्र बहुधा रात्री येतो. मग सोबती गाडी काढतो, कुठल्या उपचार केंद्रात खाट रिकामी आहे ते शोधतो, युनियनच्या साहाय्य कार्यक्रमातल्या समुपदेशकाशी गाठ घालून देतो, विम्याचे किती तास शिल्लक आहेत ते कार्यालयातून विचारून घेतो. तो डॉक्टर नाही आणि तसा आवही आणत नाही. एक नियम मात्र कडक: ऐकलेले फोरमनच्या कानावर जाणार नाही. हा नियम एकदा मोडला तर पुन्हा कुणी शेजारी बसू देणार नाही.

डॉर्चेस्टर भागातल्या एका हॉलमध्ये व्यसनमुक्तीची संध्याकाळची बैठक आटोपल्यावर एका सुताराशी माझे बराच वेळ बोलणे झाले. खांद्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या गोळ्यांपासून त्याची कहाणी सुरू झाली होती. उपचार केंद्रात त्याला सांगण्यात आले की जुने मित्र आणि जुन्या जागा सोड. सल्ला बरोबर होता, पण त्याचे जुने मित्र म्हणजे त्याची टोळी आणि जुनी जागा म्हणजे त्याची रोजीरोटी. ती सोडून तो जाणार कुठे? त्या प्रश्नाला केंद्रात उत्तर नव्हते. उत्तर साइटवर मिळाले. शुक्रवारी पगार झाल्यावर बारऐवजी कॉफीला नेणारा एक प्लंबर त्याला तिथे भेटला. जुनी जागा सोडता येत नसेल तर त्या जागेतच नवा मित्र हवा, हे या कामाचे मर्म आहे असे मला वाटते.

आणि तो नेमका कधी हवा? उपचार संपवून माणूस कामावर परततो त्या पहिल्या काही आठवड्यांत. हा काळ सर्वांत जिवावरचा. नशेविना राहिलेल्या शरीराची सवय मोडलेली असते, आणि माणूस घसरला तर जुन्याच मापाने घेतो. जो डोस पूर्वी पचत होता तोच आता मारतो. म्हणून जाणते सोबती केंद्राच्या दारात निरोप देऊन थांबत नाहीत. परतल्याच्या पहिल्या सकाळी ते त्याच्याबरोबर गेटमधून आत जातात.

एका मुद्द्यावर मात्र या चळवळीने स्वतःला बदलायला हवे, आणि ती बदलतेही आहे. बरेच सोबती अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या परंपरेतले आहेत. संपूर्ण वर्जन हीच मुक्ती, ही त्यांची श्रद्धा. अफूजन्य व्यसनावरचे औषध म्हणून ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन घेणारा माणूस त्यांच्यातल्या काहींना अजून मुक्त वाटत नाही, एक नशा सोडून दुसरी धरल्यासारखा वाटतो. त्यांच्या निष्ठेबद्दल मला आदर आहे, पण याच राज्यातला पुरावा त्यांच्या विरुद्ध जातो. ओव्हरडोसमधून वाचलेल्या १७ हजारांहून अधिक लोकांच्या नोंदींचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. मेथाडोन घेणाऱ्यांत अफूजन्य पदार्थांनी होणारे मृत्यू ५९ टक्क्यांनी, तर ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यांत ३८ टक्क्यांनी कमी आढळले. बैठकीत अशा माणसाला मागच्या खुर्चीवर बसायला लावणे म्हणजे त्याला औषध सोडायला लावणे. त्याची किंमत जिवाने मोजावी लागते.

मराठी वाचकाला हे सारे वाचताना पुण्याचे मुक्तांगण आठवेल. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या त्या केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेली माणसेच पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाली. तीच जाण इथे कामाच्या जागेवर आली आहे, आणि तिच्या मागे युनियनचा निधी, यादी आणि हॉल आहे.

यातच तिची मर्यादाही आहे. अमेरिकेतल्या बांधकाम कामगारांपैकी जेमतेम दहा टक्के युनियनमध्ये आहेत. घरांची छपरे शाकारणारे, तळघरे खणणारे, ब्राझील आणि ग्वातेमालाहून आलेले कितीतरी मजूर या वर्तुळाच्या बाहेर आहेत. त्यांना हॉल नाही, सोबती नाही, आणि कागदपत्रे नसतील तर दवाखान्याचीही धास्ती. दुखऱ्या पाठीला सोबती पुरेसा नाही, तिला विश्रांती लागते, आणि विश्रांतीचे पैसे कुणीतरी द्यावे लागतात. केंद्र सरकारचा भरपगारी आजारपणाच्या रजेचा कायदा अजूनही नाही. मॅसॅच्युसेट्सने १ जानेवारी २०२१पासून स्वतःच्या गंभीर आजारासाठी वर्षाला वीस आठवड्यांपर्यंत अंशतः भरपाई देणारी रजा सुरू केली. ती व्यसनाच्या उपचारालाही लागू आहे आणि तिच्यासाठी एकाच मालकाकडे वर्ष काढावे लागत नाही. माझ्या मते हा कायदा आणि साइटवरचा सोबती ही एकाच कामाची दोन अंगे आहेत.

इथल्या बांधकाम कंपन्यांत प्रकल्प सांभाळणारे मराठी अभियंते माझ्या ओळखीचे आहेत. त्यांना एवढीच विनंती: नॅलोक्सोनची पेटी कुलपात ठेवू नका, तिच्याशेजारी बैठकीची वेळ आणि पत्ता इंग्रजीबरोबर पोर्तुगीज आणि स्पॅनिशमध्येही लावा, आणि उपचाराला गेलेल्या माणसाची जागा तो परत येईपर्यंत राखून ठेवा.